आंब्या-फणसाच्या सावलीत जमीन झाकणारी देशी रोपे

कोकणातल्या जुन्या घराच्या परसात आंबा, फणस, कोकम आणि एखादे जांभूळ असतेच, आणि त्यांच्याखालची जमीन बहुधा दोनपैकी एका अवस्थेत असते. एक तर ती रोज झाडून लख्ख केलेली, तांबडी आणि उघडी असते, आणि पावसाळ्यात तिच्यावरून वाहणारे गढूळ पाणी माती घेऊन थेट व्हाळाला मिळते. नाही तर तिथे रोपवाटिकेतून हौसेने आणलेले वेडेलिया, सिंगोनियम किंवा मनीप्लांट मोकाट सुटलेले असते. वेडेलिया आणि सिंगोनियम मूळचे अमेरिका खंडातले, आणि मनीप्लांट प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे. ही रोपे झपाट्याने पसरतात म्हणून लोकांना आवडतात, आणि नेमकी त्याच कारणाने चार वर्षांनी आवरेनाशी होतात. आमच्या गावातल्या दोन आगरांत वेडेलियाने पोफळींच्या बुंध्यापर्यंतची जमीन इतकी व्यापली आहे की खाली पडलेली सुपारी शोधायला माणसाला दोन्ही हातांनी ते बाजूला सारावे लागते.

कोकणच्या आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या रानांत मोठ्या झाडांखाली जी रोपे कोणीही न लावता वाढतात, त्यांतलीच निवडून परसात लावणे हा तिसरा मार्ग आहे आणि या लेखाचा विषयही तोच आहे. मात्र रोपांची नावे सांगण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक मार्गदर्शन तिथेच चुकते. सावली दाट आहे की विरळ, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की ज्या झाडाखाली लागवड करायची, त्या झाडाला वर्षातल्या कोणत्या महिन्यांत पाणी चालते आणि कोणत्या महिन्यांत चालत नाही.

हे मी चुकून शिकलो. घराच्या पश्चिमेला असलेल्या हापूसच्या एका चांगल्या भरात आलेल्या कलमाखाली मी एका पावसाळ्यात कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णीची जमिनीलगत पसरणारी वेल, लावला. सप्टेंबरपर्यंत त्याने जमीन सुरेख झाकली. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात त्याची पाने मलूल दिसू लागली, म्हणून मी त्याला एक दिवसाआड पाणी घालायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत ते नेमाने चालू ठेवले. त्या वर्षी आजूबाजूची सगळी कलमे मोहोराने भरली असताना या एका कलमावर मात्र तांबूस, लुसलुशीत पालवी आली. हापूसला मोहोर येण्यासाठी पावसाळा संपल्यावर पाण्याचा ताण बसावा लागतो. तो ताण तोडला तर झाड मोहोराऐवजी पालवीकडे वळते. बागायतदाराला ही गोष्ट पाठ असते, मलाही होती, पण मी पाणी कारिवण्याला घालत होतो, आंब्याला नव्हे, असे मनाशी धरून चाललो होतो. मुळांना हा भेद कळत नाही.

म्हणून लागवडीसाठी रोपांचे दोन गट मनात पक्के करावेत. पहिला गट पावसाळी रोपांचा. मृगाच्या आसपास ही रोपे जमिनीतून वर येतात, चार-पाच महिने जमीन झाकतात आणि दिवाळीच्या सुमारास पिवळी पडून पुन्हा कंदाच्या, काही बियांच्या, रूपाने जमिनीत झोपी जातात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्यांना पाण्याचा एक थेंबही लागत नाही. दुसरा गट बारमाही हिरव्या रोपांचा, ज्यांतल्या काहींना पाऊस गेल्यावर ओल पुरवावी लागते. हापूसच्या कलमाखाली फक्त पहिला गट लावावा. फणस, नारळ आणि पोफळी यांच्याखाली, तसेच ज्या रायवळ आंब्याच्या फळाचा आपण हिशेब ठेवत नाही त्याच्याखाली दुसरा गटही चालतो. परसात जिथे स्वयंपाकघराचे किंवा न्हाणीचे सांडपाणी केळीला आणि अळवाला सोडलेले असते, त्या ओलीच्या कडेला तर बारमाही रोपांचे स्वर्गसुख असते.

कलमांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. दरवर्षी मोहोर यावा म्हणून अनेक बागांत पावसाळ्यात बुंध्याभोवतीच्या मातीत पॅक्लोब्युट्राझोल घालतात. हे द्रव्य झाडाची वाढ रोखणारे आहे आणि ते जिथे ओतले जाते तिथल्या लहान रोपांचीही वाढ खुंटते. ज्या झाडाला ते दिले आहे, किंवा ज्या झाडाच्या मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारण्या होतात, त्या झाडाखाली खाण्याची कोणतीही भाजी किंवा औषधी रोपे लावू नयेत. लावायचीच असतील तर केवळ शोभेची लावावीत.

सावली पाहण्याची रीत

सावली एकदा पाहून भागत नाही. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टच्या उघडिपीत एकदा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीन वाजता, झाडाखाली कोठे कोठे ऊन पडते ते पाहून लहान दगडांनी खुणा कराव्यात. आंबा, फणस आणि कोकम बारमाही सावली देतात. सावर, पांगारा, शिरीष यांची पाने उन्हाळ्याच्या आधी किंवा उन्हाळ्यात झडतात आणि त्यांच्याखाली ऐन एप्रिलमध्ये लख्ख ऊन असते. पावसाळी कंदांना या उन्हाचे काहीच वाटत नाही, कारण तेव्हा ते जमिनीखाली असतात. उलट बारमाही रोपे तिथे करपतात.

प्रत्येक झाडाखाली तीन पट्टे स्पष्ट दिसतात. बुंध्याजवळचा पट्टा सर्वांत कोरडा आणि अंधारा असतो. मधल्या पट्ट्यात कवडसे हलत असतात आणि पातेरा, म्हणजे गळलेल्या पानांचा पाचोळा, चांगला साचतो; लागवडीची खरी जागा हीच. तिसरा पट्टा झाडाच्या घेराच्या कडेचा. घराच्या वळचणीला जशा पागोळ्या पडतात तशा या कडेला पावसाच्या जाड धारा पडतात आणि कोवळ्या रोपांची मुळे उघडी करतात, म्हणून तिथे मजबूत बुडख्याची रोपे हवीत. कोकमाचे झाड याला अपवाद आहे. त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत झुकलेल्या असतात आणि आत इतका अंधार असतो की तिथे लागवडीचा आग्रह न धरता पातेरा तसाच राहू देणे शहाणपणाचे.

पातेरा आणि त्याची भीती

जमीन झाकणारे पहिले आच्छादन पातेरा हेच आहे; रोपे त्यानंतर येतात. पातेऱ्याशिवाय लावलेली सावलीतली रोपे पहिल्या मोठ्या पावसात मातीच्या शिंतोड्यांनी माखतात, जमीन वरून थापल्यासारखी घट्ट होते आणि ऑक्टोबरमध्ये तिला भेगा पडतात. दोन ते तीन इंच जाडीचा थर पुरेसा असतो. रानहळदीचा किंवा पेवाचा कोंब याहून जाड थरातूनही सहज वर येतो, पण कारिवण्यासारखी जमिनीला चिकटून चालणारी वेल चार इंच पातेऱ्याखाली गुदमरते, म्हणून तिच्यावर साचलेली फणसाची आणि सागाची मोठी पाने हाताने उचलून बाजूला टाकावीत.

पातेरा ठेवा असे म्हटले की कोकणातला माणूस पहिला प्रश्न जनावराचा, म्हणजे सापाचा, विचारतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. फुरसे आपल्याकडे सर्वत्र आहे आणि कुजक्या पातेऱ्यात बेडूक-पाली आल्या की त्यांच्यामागे साप येतोच. यावर माझा तोडगा असा की घराभोवती चार-पाच फुटांची जागा आणि जाण्यायेण्याची वाट पूर्ण मोकळी ठेवावी, वाटेवर जांभ्याचे चिरे बसवावेत, आणि लागवडीत हात घालण्यापूर्वी काठीने पातेरा हलवून पाहावा. गमबूट घातल्याशिवाय आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडे जाऊ नये. जिथे लहान मुले खेळतात तिथे ही लागवड करूच नये; तिथली जमीन झाडलेलीच बरी.

दुसरी भीती वणव्याची. मार्च-एप्रिलमध्ये पातेरा कोळसून कुरकुरीत झालेला असतो आणि शेजारच्या मळ्यात भाजावळ लावली की ठिणगी यायला वेळ लागत नाही. परसाच्या बाहेरच्या कडेने चार-पाच फुटांचा पट्टा होळीच्या आधी झाडून साफ ठेवावा. आतला पातेरा मात्र जाळू नये.

बुंध्याभोवती दोन-तीन फुटांच्या वर्तुळात काहीही लावू नये आणि पातेराही चढवू नये, हा नियम सर्व झाडांना लागू आहे. ओलसर पातेरा सालीला टेकून राहिला की बुंधा कुजतो. शिवाय आंब्याला लागणाऱ्या भिरुडाचा पहिला पुरावा म्हणजे बुंध्याशी पडलेला भुसा. तो पातेऱ्यात किंवा रोपांत लपला तर कीड आत शिरल्याचे कळेपर्यंत खोड पोखरलेले असते. फणसाची फळे बुंध्यावरच लगडतात आणि ती काढायला शिडी लावावी लागते, तेव्हा तिथेही पाय ठेवायला जागा हवी. फणस उतरवून संपतात आणि पाऊस लागतो, हा योग पावसाळी कंदांच्या दृष्टीने उत्तमच जुळून येतो.

पावसाळी रोपे

या गटात माझे पहिले मत रानहळदीला. कुर्कुमा सूडोमोंटाना हे तिचे शास्त्रीय नाव. दीड-दोन फूट उंचीची, हळदीसारख्या रुंद पानांची ही वनस्पती सावलीत दाट जमते, आणि श्रावणात तिचे फुलोरे येतात. हिरव्या पत्रांच्या कुशीतून पिवळी फुले डोकावतात आणि माथ्यावर जांभळट गुलाबी पत्रांचा तुरा असतो. तिचीच एक बहीण, कुर्कुमा इनोडोरा, पावसाच्या सुरुवातीला पानांआधीच जमिनीतून गुलाबी-जांभळा फुलोरा काढते. दोन्ही एकत्र लावल्या तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुले राहतात. रानहळद वर येताना पाहणे हा एक वेगळाच अनुभव असतो. पहिल्या पावसानंतर आठवड्याभरात पातेऱ्यातून पेन्सिलीएवढे टोकदार कोंब निघतात, आणि वाटेत सागाचे वाळके पान आडवे आले तर कोंब ते पान बाजूला न सारता सरळ भोसकून वर येतो. मग ते पान कितीतरी दिवस त्या कोंबाच्या गळ्यात एखाद्या कॉलरसारखे अडकलेले राहते आणि हळूहळू भिजून गळून पडते.

काळी मुसळी त्यापेक्षा बुटकी. ताडाच्या कोवळ्या रोपासारखी दिसणारी तिची पाने वीतभर ते फूटभर लांब होतात, आणि पाऊस लागल्यावर अगदी मातीलगत पिवळी, सहा पाकळ्यांची चांदणी फुलते. वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. वाटेच्या कडेला लावायला हिच्यासारखे रोप नाही. पानाचे टोक मातीला टेकले तर तिथेही कधी कधी नवे रोप धरते, त्यामुळे एकदा जमली की ती स्वतःच वाढत जाते, फक्त सावकाश.

शेवळा अनेकांच्या ओळखीचा तो भाजीसाठी. मेच्या अखेरीस जमिनीतून त्याचा फुलोरा येतो, तोच बाजारात शेवळे म्हणून विकला जातो आणि खाज मारण्यासाठी काकडांबरोबर शिजवला जातो. जमीन झाकण्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व नंतरचे आहे: फुलोरा गेल्यावर ठिपकेदार देठावर एकच मोठे, फाटलेल्या छत्रीसारखे पान उभे राहते आणि त्याच्या सावलीत हंसराजासारख्या नाजूक वनस्पती सुखाने वाढतात. उमललेल्या शेवळ्याला दुर्गंधी असते, म्हणून तो खिडकीखाली लावू नये. सगळे फुलोरे भाजीसाठी खुडून नेऊ नयेत हे सांगायला नकोच.

घेराच्या कडेला, जिथे पागोळ्या पडतात, तिथे पेव लावावा. तो माणसाच्या उंचीपर्यंत जातो, त्यामुळे त्याला शब्दशः जमीन झाकणारे रोप म्हणता येणार नाही, पण त्याची जाड बुडखी एकमेकांत गुंतून उतारावरची माती धरून ठेवतात. खोडाभोवती जिन्याच्या पायऱ्यांसारखी फिरत चढणारी पाने आणि लाल कणसातून उमलणारी पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी फुले यांमुळे पावसाळ्यात परसाची मागची बाजू भरून दिसते.

उरलेल्या फटींसाठी हंसराज हा नेचा, स्पर्शाने पाने मिटणारी बिनकाट्याची लाजरी, आणि तेरडा. लाजरी म्हणजे बायोफायटम. रस्त्याकडेला वाढणारी काटेरी लाजाळू ही वेगळी, ती अमेरिकेतून आलेली आहे आणि तिला परसात थारा देऊ नये. हंसराज चिऱ्यांच्या गडग्याच्या सांदीत चटकन धरतो आणि त्याच्या पात्याचे लांबलेले टोक मातीला लागले की तिथून नवे रोप फुटते. केना बहुतेकांना तण वाटते. मी ते उपटत नाही, कारण भाजीसाठी ते लागतेच आणि सावलीत ते उघडी जमीन महिन्याभरात झाकते. मात्र मातीखालीही त्याला फुले येऊन बी धरते, तेव्हा एकदा आले की ते राहणारच, हे मान्य करून ठेवावे.

बारमाही रोपे

कारिवणा म्हणजेच मंडूकपर्णी, सेंटेला एशियाटिका. बाजारात हिला सरसकट ब्राह्मी म्हणून विकतात आणि त्यातून घोटाळा होतो, कारण बाकोपा मोनिएरी या वेगळ्याच वनस्पतीलाही ब्राह्मीच म्हणतात. ओळख सोपी आहे: कारिवण्याचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कातरलेल्या कडांचे आणि लांब देठावर असते, बाकोपाचे पान लहान, मांसल आणि देठाशिवाय असते. सावलीसाठी कारिवणाच घ्यावा. बाकोपाला पाणथळ जागा आणि भरपूर उजेड लागतो. ती झाडाखाली लांबुळकी होऊन मरते.

पिंपळी ही नारळ-पोफळीच्या आगरातली राणी. मिरीच्या कुळातली ही वेल आधार नसला की जमिनीवरच पसरते, पेरापेराला मुळे धरते आणि हृदयाच्या आकाराच्या गडद पानांनी जमीन इतकी झाकते की तण उगवायला उजेड मिळत नाही. आगरात पाण्याची पाळी ठरलेली असते, त्यामुळे तिला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. नारळाखाली तिला बुंध्यापासून दूर, दोन झाडांच्या मधोमध लावावे, कारण पडणारी झावळ आणि नारळ कोवळ्या वेलीचा चेंदा करतात.

पाणी कमी असेल तर दशमुळी आणि चित्रक ही दोन झुडपे भरवशाची. दशमुळी, एरॅन्थेमम रोझियम, ही रानात गर्द सावलीत वाढते आणि थंडीच्या अखेरीस, परसात दुसरे काहीच फुललेले नसताना, तिला निळी फुले येतात, जी जुनी होताना तांबूस होत जातात. पाऊस संपताच तिचा शेंडा खुडला तर ती दोन फुटांच्या आत पसरट राहते. चित्रकाची फुले पांढरी. त्याच्या फुलांखालचे हिरवे आवरण चिकट असते आणि कपड्यांना लागते. त्याचे मूळ कातडीला दाहक असल्यामुळे उपटताना हातमोजे घालावेत. जांभ्याच्या कोरड्या उतारावर मात्र तिनपानीसारखे दुसरे रोप नाही. वीतभर उंचीच्या या झुडपाला पंख असलेल्या देठावर तीन तीन पाने आणि एकेक पांढरे फूल येते. कोकण आणि गोव्याच्या रानांत ती दरडीवर, मुळांच्या आणि दगडांच्या फटीत उभी असते. रोपवाटिकेत ती क्वचितच मिळते.

रोपे मिळवणे आणि लावणे

रोपे कोठून आणायची हा प्रश्न नाजूक आहे. देवराईतून किंवा जंगलातून कंद खणून आणणे मुळीच करू नये. काळी मुसळी आणि सर्पगंधा यांना औषधी बाजारासाठी आधीच बेसुमार उपटले जाते. घर बांधण्यासाठी किंवा रस्त्यासाठी जिथे जमीन खोदली जाणारच आहे, तिथले कंद मालकाला विचारून उचलावेत. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे भाज्या आणणाऱ्या बायकांशी बोलावे; कोणाच्या बांधावर काय आहे हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि मोबदला दिला तर पुढच्या पावसाच्या आधी कंद मिळू शकतात. पिंपळी आणि कारिवणा यांना फक्त काड्या लागतात, त्या कोणीही देतो.

सुरुवात दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एकाच तुकड्यापासून करावी. फूटभर अंतराने रानहळद लावायची म्हटली तर एवढ्याला १०० कंद लागतात, म्हणजे गुंठ्याला हजाराच्या वर. पहिल्याच वर्षी अख्खे परस हाती घेणारा माणूस ऑगस्टपर्यंत तणाला शरण जातो. कारिवण्याच्या काड्या ६ ते ८ इंचांवर, काळी मुसळी ८ इंचांवर, पिंपळी २ फुटांवर आणि दशमुळी ३ फुटांवर लावावी.

लागवडीपूर्वीच्या पावसाळ्यात, माती मऊ असताना, रानमोडी आणि घाणेरी मुळासकट उपटून काढावी. रानमोडीला हिवाळ्यात फुले येतात आणि मग तिचे बी वाऱ्यावर उडत जाते, म्हणून दसऱ्याच्या आत हे काम उरकावे. वेडेलिया असेल तर कापून भागत नाही. त्याचा प्रत्येक पेर पुन्हा मुळे धरतो. ते गोळा करून उन्हात जांभ्याच्या कातळावर पसरून पूर्ण वाळवावे आणि मगच खतात टाकावे. झाडाखाली आपोआप येणारे, बांबूच्या पानांची छोटी प्रतिकृती वाटावी असे लवचिक गवत मात्र तसेच ठेवावे. ते सावलीतलेच आहे आणि कंदांना त्याचा त्रास होत नाही.

कंद रोहिणीच्या शेवटी, कोरड्या मातीत लावले तरी चालतात. काड्यांसाठी थांबावे. मृगाचा पाऊस लागून जमीन वीतभर खोल भिजली की पिंपळीच्या तीन-चार पेरांच्या काड्या, दोन पेरे मातीत जातील अशा, आणि कारिवण्याचे मुळे असलेले तुकडे लावावेत. कुदळ वापरू नये. आंब्याची पाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात, तेव्हा खुरप्याने मुठीएवढा खड्डा करावा, आणि अंगठ्याएवढे मूळ लागले तर ते न तोडता खड्डा चार बोटे सरकवावा. रानहळदीचा कंद दोन इंच खोल आणि डोळा वर ठेवून, मुसळी उभी आणि तिचा माथा मातीच्या पातळीला, शेवळा चार-पाच इंच खोल. प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर मुरलेले शेणखत पुरते. मुळांवर बाहेरची माती आणून थर देण्याचा मोह टाळावा. एखादा इंच ठीक, त्यापेक्षा जास्त झाला तर झाडाची मुळे घुसमटतात.

पहिले वर्ष आणि पुढे

पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला तण काढावे लागते, याला पर्याय नाही. दुसऱ्या वर्षी हे काम निम्म्याहून कमी होते. आफ्रिकी मोठ्या गोगलगायी कोवळ्या पानांचा फडशा पाडतात. रात्री बॅटरीच्या उजेडात हातमोजे घालून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मारू नये, कारण ते मातीत उतरते. रानडुक्कर आणि साळिंदर हे खरे संकट आहे. शेवळ्याचे कंद त्यांना वासाने सापडतात. गडगा धडधाकट असलेल्या बाजूलाच कंद लावावेत, आणि तशी बाजू नसेल तर कंदांच्या ओळीवर जांभ्याचे चपटे दगड अंतर राखून पेरून ठेवावेत. त्याने डुक्कर पूर्ण थांबत नाही, पण उकरण्याचे क्षेत्र कमी होते.

घाटावरच्या, पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांनी यातले सगळेच जसेच्या तसे करू नये. तिथे पाऊस कोकणाच्या मानाने फारच थोडा असतो, हवा कोरडी असते, म्हणून कारिवणा आणि पिंपळी नळाच्या किंवा हौदाच्या कडेपुरती ठेवावी आणि भर काळी मुसळी, चित्रक आणि रानहळदीवर द्यावा. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर कंद वाफा उंच करून लावावेत, नाही तर ऑगस्टमध्येच कुजतात.

ऑक्टोबरच्या अखेरीस रानहळदीची पाने पिवळी पडू लागली की अनेकजण रोप मेले म्हणून ती कापून टाकतात. ती कापू नयेत. पान आपोआप गळेपर्यंत त्यातले अन्न कंदात उतरत असते. त्याच सुमारास प्रत्येक ताटव्याच्या चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे रोवून खूण करावी, कारण डिसेंबरपासून मेपर्यंत तिथे पातेऱ्याशिवाय काहीच दिसत नाही आणि लाकडांची मोळी रचायला किंवा आंब्याला आळे करायला आलेला गडी तिथेच पहिली कुदळ मारतो.

तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी ताटवा मधोमध विरळ आणि कडेला दाट झालेला दिसेल. गुढीपाडव्यानंतर, जमीन कोरडी असताना, कडेचा एक तृतीयांश भाग खुरप्याने उचलावा, प्रत्येक तुकड्याला किमान एक ठळक डोळा राहील असे हातानेच मोडावे, मोडलेल्या जागेला राख लावून दोन दिवस सावलीत सुकू द्यावे आणि वळवाच्या सरी येण्यापूर्वी नव्या जागी लावून टाकावे. वळीव पडला की डोळे फुगतात, आणि फुगलेला डोळा बोटाच्या नुसत्या धक्क्यानेही तुटतो.